अस्थिकलशांची साक्ष

सर टॉमस ब्राउन याचा अस्थिकलशांवरील निबंध इंग्रजी गद्याच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. नॉर्फक परगण्यांत ओल्ड वॉल्सिंगम येथील एका शेतांत चाळीस-पन्नास अस्थिकलश निघाले, तें निमित्त साधून नॉरिचच्या या वैद्यानें इ. स. १६५८ सालीं देहाच्या नश्वरतेवर जें लिहिलें, त्याच्या नादाला तरुणपणीं आम्हीही भुललों होतों. पण त्या निबंधाच्या मुळाशीं असलेलें विधानच चुकीचें आहे. ब्राउननें ते कलश रोमन लोकांचे ठरविले. त्याच्याच ग्रंथांत त्यांचें चित्र छापलेलें आहे, आणि तें पाहून आज कोणीही जाणता सांगेल, कीं हे कलश रोमनांचे नव्हत. रोमन सत्ता ओसरल्यावर इंग्लंडांत वसलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांचे ते होत. ब्राउन बहुश्रुत होता, आणि नेमकें तेंच त्याला नडलें. प्रेतदहनाची चाल त्यानें लॅटिन ग्रंथांत वाचलेली. म्हणून जळकीं हाडें दिसतांच त्याला रोम दिसलें. मडक्याकडे त्यानें पाहिलें खरें, परंतु पुस्तकाच्या आडून.

ही चूक दुरुस्त व्हावयास जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं. 'बेओवुल्फ' काव्याचा संपादक जॉन मिचेल केंबल हा १८५५ च्या सुमारास हॅनोव्हर प्रांतांत उत्खननें करीत होता. एल्ब नदीवरील स्टाडे येथील कलश व इंग्लंडांतील कलश यांचा घाट, अंगावरचे फुगवटे आणि नक्षी हीं एकाच वळणाचीं आहेत, हें त्याच्या ध्यानीं आलें. मडक्यांशीं मडकीं ताडून त्यानें समुद्राच्या दोन्ही तीरांचें नातें दाखवून दिलें. भाषापंडितानें हें करावें याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें.

केंबलनंतरच्या शंभर वर्षांत या मार्गानें पुष्कळ काम झालें. त्यांत जे. एन. एल. मायर्स यांचा अधिकार मोठा. त्यांनीं जन्मभर असे कलश पाहिले, रेखाटले आणि १९७७ सालीं त्यांचा कोश दोन खंडांत प्रसिद्ध केला. तो आजही हाताशीं ठेवावा लागतो. तथापि अमुक घाट अँगलांचा, तमुक नक्षी सॅक्सनांची, अशी वांटणी करतांना आठव्या शतकांतील बीड या धर्मोपदेशकानें दिलेलीं टोळ्यांचीं नांवेंच त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं. पुस्तकाची आड अजून पुरती दूर झाली नव्हती.

ती दूर झाली ती मातीच्या परीक्षेमुळें. हीं भांडीं चाकावर घडविलेलीं नाहींत. हातानें वळून उघड्या जाळांत भाजलेलीं आहेत, आणि नांगराच्या फाळाखालीं बहुतेकांचे तुकडे झालेले असतात. तुकडे नुसते मोजले तर फसगत होते, कारण एका मडक्याचीं पांच खापरें होतात, तर दुसऱ्याचीं पन्नास. म्हणून खापरें मोजतात, तोलतात, आणि कांठाचा तुकडा मूळ वर्तुळाचा कितवा हिस्सा आहे हेंही पाहतात. नंतर खापराचा सुमारें तीन शतांश मिलिमीटर जाडीचा काप घेऊन तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवतात. आमच्याकडील कुंभार मातींत राख किंवा लीद मिसळतो. तिकडच्यांनीं वाळू, गवत, कुटलेला दगड असें कांहींबाहीं मिसळलेलें आढळतें. इंग्लंडच्या मध्यभागांतील व पूर्वेकडील कित्येक खापरांत लेस्टरशायरमधील चार्नवुडच्या ग्रॅनाइटसदृश खडकाचे कण सांपडले. मग मडकीं तेथून दूरवर नेलीं, हें उघड झालें म्हणावें, तर तेंही नाहीं. हिमयुगांत हिमनद्यांनींच तो खडक दूरवर वाहून नेला असेल, तर कुंभारानें तो आपल्या गांवींच उचलला असणें संभवनीय आहे. अशी अडचण उभी करणारें शास्त्र आम्हांस विश्वासार्ह वाटतें.

शिंगाच्या वा हाडाच्या ठशांनीं उठविलेल्या नक्षीचेंही तसेंच. दोन कलशांवर एकाच ठशाची एकच खोट उमटली असेल, तर ठसा एक, हें निश्चित. हात एकच, हें मात्र निश्चित नव्हे. ठसा आईकडून मुलीकडे जाऊं शकतो.

नॉर्फकमध्येंच स्पाँग हिल येथें १९७२ पासून १९८१ पर्यंत उत्खनन होऊन दोन हजारांहून अधिक दहनविधींचे अवशेष मिळाले. त्यांच्या अभ्यासाचा शेवटचा खंड कॅथरिन हिल्स व सॅम लूसी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. बीडच्या कालगणनेप्रमाणें या लोकांचें आगमन इ. स. ४४९ च्या सुमारास. पण येथील दहनभूमि पांचव्या शतकाच्या पहिल्या अर्धांतच सुरू झाली होती, असें कलशांच्या व सोबतच्या वस्तूंच्या क्रमावरून त्यांनीं दाखविलें. ज्या बीडच्या आधारें मडकीं वाचीत, त्यालाच आतां मडक्यांपुढें जबाब द्यावा लागला!

याहून मनाला भिडणारी गोष्ट लिंकनशायरमधील क्लीदम येथील कलशांनीं सांगितली. हे कलश अंत्यविधीसाठींच मुद्दाम घडवीत, असा सर्वांचा समज होता. गॅरेथ पेरी यांनीं ते आंतून तपासले, तेव्हां कित्येकांचा आंतला पृष्ठभाग खवल्यांखवल्यांनीं झिजलेला दिसला. मद्य आंबविणें, दूध विरजणें यांसारख्या कामांतील आम्लानें अशी झीज होते. म्हणजे तें मडकें घरांत वापरांत होतें. त्यांत विरजण लागलें होतें किंवा मद्य फेसाळलें होतें, आणि मग एके दिवशीं घरांतल्याच कोणाच्या तरी अस्थि त्यांत भरल्या गेल्या. ज्यूलियन रिचर्ड्स यांनीं १९८७ सालीं मोठ्या माणसांसाठीं थोराड व मुलांसाठीं लहान कलश असल्याचें दाखविलें होतें. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर निदान कांहीं घरीं शोकाच्या वेळीं नवें मडकें घडविलें गेलें नाहीं. मांडणींतल्या भांड्यांकडे पाहून, गेलेल्या जीवाच्या बेताचें एक खालीं काढलें गेलें.