लाकडी पट्टीपासून आजवर

१९१५ साली खोपोलीहून मुंबईस वीज येऊ लागली. जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवरून तारा नेल्या, त्या चार दिव्यांपुरत्या. पुढे त्यांच्यावरच इस्त्री, फ्रीज, गीझर यांचा भार पडला. तारा बिचाऱ्या तापू लागल्या, वरचे रबर वाळून तडकू लागले.

वायरिंगची दुरुस्ती वा वाढ परवानाधारक ठेकेदाराकडूनच करावी, असे १९५६ च्या वीज नियमांनी ठरविले. ते नियम आता बदलले, अट मात्र कायम आहे. तरी आपण नाक्यावरच्या 'सगळे येते' म्हणणाऱ्यालाच बोलावतो! भगिनींनो, परवाना पाहण्यात संकोच कसला? अर्थिंग मोजून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. फ्यूजमध्ये जाड तार घालू पाहणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे.