स्फोटांच्या नात्याचा शोध

डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या 2001 मधल्या नोंदी चाळून एक विलक्षण रेडिओ स्फोट शोधून काढला. तो पाच मिलिसेकंदही टिकला नव्हता. त्याला गॅमा किरण स्फोटांशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविकच होते. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी वेला उपग्रहांनी 1967 मध्ये पहिला गॅमा स्फोट टिपला होता. असे स्फोट महाकाय तारे कोसळताना किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना होतात, हे पुढे उलगडले. क्षणात अफाट ऊर्जा दोन्हीकडे दिसते, तेव्हा एकाच घटनेची ही दोन रूपे असावीत, असा कयास बांधला गेला. नाते अखेर सापडले, पण ते वेगळ्याच जागी, आणि तिथवरची वाट दाखवली ती रिकाम्या हाती परतलेल्या निरीक्षणांनी.

सर्वांत मोठी अडचण होती योगायोगाची. 2012 मध्ये कीथ बॅनिस्टर यांच्या गटाने नऊ गॅमा स्फोटांच्या दिशेने 12 मीटर व्यासाची तबकडी वळवून रेडिओ स्पंदांचा माग काढला. दोनदा एकेक स्पंद मिळाला, पण तो त्या स्फोटाचाच, असे ठामपणे म्हणता आले नाही. पुढे 4 नोव्हेंबर 2013 च्या रेडिओ स्फोटाच्या वेळी, त्याच दिशेने, स्विफ्ट उपग्रहाच्या नोंदींत सुमारे सहा मिनिटांचा क्षीण गॅमा झोत आढळल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले. परंतु इतक्या मोठ्या स्फोटाचा उत्तरप्रकाश, म्हणजे मागे रेंगाळणारी चमक, रेडिओत दिसायला हवा होता. रायन शॅनन आणि विक्रम रवी यांना तो दिसला नाही. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटनेही 41 रेडिओ स्फोटांच्या वेळच्या नोंदी तपासल्या. क्ष-किरणांत जोडीदार एकाचाही मिळाला नाही.

त्यातच 2016 मध्ये कळले की 121102 हा रेडिओ स्फोट पुन्हा पुन्हा होतो. ज्या स्फोटात स्रोतच नष्ट होतो, त्यातून हे घडणे शक्य नाही. संख्याही जुळत नव्हती: उपग्रहांना गॅमा स्फोट दिवसाला साधारण एक दिसतो, तर संपूर्ण आकाशात रेडिओ स्फोट रोज हजारोंनी होत असल्याचा अंदाज होता. मग 28 एप्रिल 2020 रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या एसजीआर 1935+2154 या मॅग्नेटारने, म्हणजे अतितीव्र चुंबकक्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याने, रेडिओ स्फोट केला. कॅनडाच्या चाइम दुर्बिणीला सुमारे 29 मिलिसेकंदांच्या अंतराने दोन शिखरे दिसली, आणि तशीच जोडी उपग्रहांच्या क्ष-किरण नोंदींतही उमटली होती.

म्हणजे रेडिओ स्फोटांचे नाते मॅग्नेटारांशी आहे. यावर एक आक्षेप रास्त आहे: 27 डिसेंबर 2004 रोजी एसजीआर 1806-20 या मॅग्नेटारचा महाभडका उडाला, तेव्हा पार्क्सला रेडिओ स्फोट का दिसला नाही? चीनच्या फास्ट दुर्बिणीलाही एसजीआर 1935+2154 च्या 29 क्ष-किरण स्फोटांबरोबर रेडिओत काहीच मिळाले नाही. रेडिओ झोत अरुंद असेल, किंवा तो निर्माण होण्याची परिस्थितीच दुर्मीळ असेल. पण या उदाहरणांनी मॅग्नेटारचा दावा खोडला जात नाही, त्याला मर्यादा मिळते. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींतून काही थोडे रेडिओ स्फोट येत असतील, हेही नाकारता येत नाही. मात्र बहुसंख्यांचा उगम तिथे मानायला आधार उरलेला नाही. म्हणूनच ‘काही सापडले नाही’ असे सांगणारे निबंध या इतिहासाचे खरे आधारस्तंभ आहेत. ते छापले गेले नसते, तर एखाद्या योगायोगालाच आपण नाते मानून बसलो असतो.