श्राविकेचे कान

आपल्यात गृहस्थाला श्रावक म्हणतात आणि बाईला श्राविका. ऐकते ती श्राविका. लहानपणी पाठशाळेत शिकलेला हा अर्थ मी विसरूनही गेले होते. एका दशलक्षण पर्वात तिसऱ्या दिवशी, आर्जव धर्माच्या प्रवचनाला निघताना आमच्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावरून उठल्याच नाहीत, तेव्हा तो आठवला. "महाराज बोलत्यात ते कानावर येतंय गं, पण कळंना. नुसतं बसून काय करू?" असं म्हणाल्या. मुंगीला तीन इंद्रियं, भुंग्याला चार, कान हे पाचवं, असं त्यांनीच माझ्या मुलांना शिकवलं होतं.

मग जे बहुतेक घरांत होतं तेच आमच्या घरी झालं. एका मंगल कार्यालयात 'मोफत कान तपासणी शिबिर' होतं, तिथे त्यांना नेलं. टाय बांधलेला एक मुलगा बसला होता. डोक्यावर पंखा गरगरतोय, शेजारी भांड्यांचा आवाज, अशात त्याने आक्कांच्या कानाला इअरफोन लावले आणि पाच मिनिटांत कागदावर रेघ काढून दिली. बावीस हजारांचं मशीन घेऊन आम्ही घरी आलो. मशीन शिट्ट्या मारायचं. कुकर लावला की आक्का दचकून ते काढून ठेवायच्या. मुलाला फोन केला की "आजीला सवय होईल मॅडम," एवढंच. सहा महिन्यांनी फोनही लागेना. मशीन लवंगांच्या डबीत गेलं. शेजारणी म्हणाल्या, कर्माचा उदय, सोसायचं. कर्माचं मी मानते. पण त्या मुलाच्या कर्माचं काय, हे मला कुणी सांगेना.

पुढे एका खऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे गेलो तेव्हा मी तिला विचारलं, तो मुलगा होता तरी कोण? तिने काही न बोलता भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. तिचा नोंदणीचा दाखला होता, खाली क्रमांक. त्या दाखल्याच्या मागे केवढी गोष्ट आहे ते मी नंतर हळूहळू वाचत गेले.

वाचा-उपचार आणि श्रवणशास्त्र या तशा जुन्या विद्या नव्हेत. अमेरिकेत बोलण्यातल्या दोषांवर काम करणाऱ्यांची संघटना १९२५ साली झाली, लंडनला त्यांचं कॉलेज १९४५ साली. कानाची बाजू वाढली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. तोफांनी कान गेलेले सैनिक परतले, त्यांच्यासाठी लष्करी इस्पितळांत खास विभाग निघाले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या डेशॉन इस्पितळात रेमंड कारहार्ट नावाच्या माणसाने मशीन कसं निवडायचं, ते लावल्यावर माणसाला ऐकायला पुन्हा कसं शिकवायचं याची पद्धत बसवली. यंत्र देऊन काम संपत नाही, तिथून सुरू होतं, हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

आपल्याकडे मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा १८८० च्या दशकातच निघाली होती. पण शाळेत शिकवणारे वेगळे आणि कान तपासणारे वेगळे. तपासणारे तयार करायची सोय व्हायला १९६० चं दशक उजाडलं. १९६५ मध्ये म्हैसूरला केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने संस्था काढली, तीच आजची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. जागा म्हैसूरच्या महाराजांनी दिली, आणि जुलै १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्याच सुमारास मुंबईत नायर हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात पदवीचा वर्ग सुरू झाला. आम्हा बेळगावकरांना या दोन्ही गावांचं मोठं कौतुक वाटायला हवं, कारण आमच्या कानांसाठी माणसं घडली ती या दोन दिशांना. पुढे १९८३ साली मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था झाली. तिला नाव दिलं अली यावर जंग यांचं, जे महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच वारले.

पदव्या निघाल्या, मुलं-मुली शिकून बाहेर पडली, पण पदवी नसलेल्याला अडवणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांची नोंदवही होती, वकिलांची होती. बोलायला शिकवतो, कान तपासतो असं म्हणून कुणीही पाटी लावावी, अशी स्थिती १९९० च्या आसपासपर्यंत होती. भारतीय पुनर्वसन परिषद १९८६ मध्ये स्थापन झाली खरी, पण ती नुसती नोंदणीकृत सोसायटी होती. अशी संस्था अभ्यासक्रम आखून देईल, पाटी कशी उतरवणार?

म्हणून १९९२ चा कायदा आला. संसदेने तो त्या वर्षी केला, आणि २२ जून १९९३ पासून परिषदेला कायद्याचं बळ मिळालं. मी तो कायदा वाचला. कला शाखेच्या बाईला कायद्याची भाषा म्हणजे वाळूतून तांदूळ निवडणं, पण निवडले. त्यात पुनर्वसनाचं काम करणाऱ्या व्यावसायिकांची यादी आहे, आणि यादीत पहिलंच नाव आहे ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांचं. आणखी थोडं खाली कानाचं मशीन आणि कानाचा साचा तयार करणारे तंत्रज्ञही आहेत. साचा म्हणजे कानात बसणारा तो मऊ भाग. तो ज्याच्या त्याच्या कानाचं माप घेऊन करायचा असतो. सैल राहिला की बाहेर पडलेला आवाज परत मशीनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. आमच्या आक्कांच्या मशीनला साचाच नव्हता, एक तयार रबरी टोपी होती. हे मला कायदा वाचताना कळलं, दुकानात नाही.

कायदा म्हणतो, मान्य पदवी आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव, हे दोन्ही असल्याशिवाय कुणी या व्यवसायाची नोकरी सरकारी किंवा स्थानिक संस्थेत करू नये, भारतात कुठेही व्यवसाय करू नये, कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर सही करू नये, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देऊ नये. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! आमच्या मशीनच्या पैशांत असे बावीस दंड भरून झाले असते. आणि गोम पुढेच आहे. कोर्टाने अशा गुन्ह्याची दखल घ्यायची ती परिषदेने अधिकार दिलेल्या माणसाने लेखी तक्रार केली तरच. मी, आक्का किंवा आमच्या गल्लीतलं आणखी कुणी फसलेलं, आम्ही थेट कोर्टाचं दार वाजवू शकत नाही. आधी दिल्लीतल्या परिषदेला पटवायचं.

इथे मला इंग्लंडची आठवण होते. तिथे १९६८ मध्ये कानाच्या मशीनबद्दलचा कायदा झाला, तो विकणाऱ्यांसाठी. मशीन देणाऱ्याचं नाव नोंदवहीत पाहिजे, त्याने आचारसंहिता पाळली पाहिजे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने तपासणाऱ्यांसाठी परवाना आणला, तिथलं ते पहिलं राज्य. म्हणजे इंग्लंडने आधी दुकानदाराला धरलं, फ्लोरिडाने तज्ज्ञाला. आपण तज्ज्ञाला धरलं, साचा करणाऱ्यालाही धरलं, आणि विकणारा यादीत आलाच नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, म्हणजे वस्तू आता नियमात आहे. पण काउंटरमागचा माणूस कोण, त्याने कान तपासला की नुसता अंदाज केला, याचं उत्तर त्या नियमात शोधून सापडत नाही.

माझ्या मते मुळातच एक वळण असं पडलं की हा व्यवसाय आरोग्य खात्याच्या अंगणात जन्मला आणि त्याची नोंदवही मात्र कल्याण खात्याकडे गेली, जे आज सामाजिक न्याय खातं आहे. तिथे कानाचा विचार अपंगत्वाच्या दाखल्यापासून सुरू होतो. म्हातारपणी थोडं कमी ऐकू येणं, मूल उशिरा बोलणं, या गोष्टी आपल्या घरांत अपंगत्व म्हणून कुणी मोजत नाही. त्यामुळे त्यासाठीही शिकलेलं, नोंदलेलं माणूस असतं हे ठाऊकच नसतं. डोळ्यांना चष्मा लागतो तसं कानाला मशीन, मग दुकानातच जायचं ना?

मूल उशिरा बोलण्यावरून आठवलं. आमच्या मागच्या गल्लीतला तीन वर्षांचा नातू बोलेना. त्याची आजी रडवेली होऊन आली. कुणा 'थेरपीच्या मॅडम'नी सांगितलं होतं, घरात मराठी बंद करा, बाहेर कानडी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे मुलाचा गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा. आजीने पोराशी बोलणंच बंद केलं होतं, कारण तिला दुसरी भाषा येत नव्हती. मी तिला विचारलं, मॅडमचा नंबर काय? तिने मोबाईलचा नंबर सांगितला. नोंदणीचा नंबर असतो हे तिच्या गावीही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी माझ्याही नव्हतं. पुढे शिकलेल्या थेरपिस्टकडे गेल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर आधी मुलाचे कान तपासायला पाठवलं, आणि आजीला सांगितलं, तुम्ही तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा. दोन-तीन भाषांत वाढल्याने मूल मुकं राहत नाही. सीमाभागातली आपण सगळी अशीच वाढलो की.

मात्र कायदा पदवी विचारतो, भाषा विचारत नाही. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि त्यासाठी पुढचं शिक्षण, एवढं सगळं लिहिलंय. पण बेळगावच्या मराठी म्हातारीला, इंदूरच्या किंवा हैदराबादच्या मराठी घरातल्या मुलाला तपासणाऱ्याने निदान थोडे शब्द त्याच्या भाषेत म्हणावेत, हे त्या त्या माणसाच्या भलेपणावर राहिलं. बोलणं किती कळतं हे बघायची तपासणी शेवटी शब्दांनीच होते.

आक्कांची ती तपासणी मी काचेबाहेरून पाहिली. आवाज आत न येणारी खोली, जाड दार. आमची ऑडिओलॉजिस्ट धारवाडकडची, घरची भाषा कानडी. तिने कागदावर मराठी शब्द लिहून ठेवले होते, ते एकेक वाचायची आणि आक्कांनी परत म्हणायचे. पाणी. पाणी. ताट. ताट. मग ती म्हणाली, "च्याक."

आक्कांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. "च्याक न्हवं बाई," त्या म्हणाल्या, "चाक."

पोरगी हसली आणि तिने कागदावर बरोबरची खूण केली.