रक्तगटांच्या संज्ञा आणि रक्तपेढीतील शिक्षण

रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञाचे शिक्षण म्हणजे हाताला लावावयाचे वळण, असा सर्वसाधारण समज आहे. या शास्त्राचा इतिहास पाहता तो अपुरा ठरतो. चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध हाच या शिक्षणाचा व देखरेखीचा पाया होय, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टाइनर यांनी मानवी रक्ताचे तीन गट वर्णिले व त्यांस ए, बी, सी ही अक्षरे दिली. चौथा गट पुढील वर्षी नोंदला गेला. त्यानंतर १९०७ साली प्राग येथील यान यान्स्की यांनी आणि १९१० साली बाल्टिमोर येथील विल्यम मॉस यांनी या चारही गटांना स्वतंत्रपणे रोमन अंक दिले. दुसरा व तिसरा गट दोन्ही पद्धतींत एकच होता. परंतु यान्स्की यांचा पहिला गट तो मॉस यांचा चौथा, आणि मॉस यांचा पहिला तो यान्स्की यांचा चौथा. आजच्या भाषेत, 'पहिला' याचा अर्थ एके ठिकाणी ओ, तर दुसरीकडे एबी! एका रुग्णालयात शिकलेला कर्मचारी दुसरीकडे गेला, तर परीक्षण अचूक असूनही केवळ नावामुळे रुग्णाचा प्राण जाण्याचा धोका होता. अखेर ए, बी, एबी, ओ या संज्ञा सर्वमान्य झाल्या. १९३७ साली शिकागो येथील कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी 'ब्लड बँक' हे नाव रूढ केले.

संज्ञा एक झाली म्हणून अर्थ निश्चित झाला असे मात्र नव्हे. १९५२ साली मुंबईचे वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये एक नवा प्रकार प्रसिद्ध केला. तोच पुढे 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला गेला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए व बी हे घटक नसतातच, शिवाय ओ गटाच्या पेशींवर असणारा एच हा घटकही नसतो. त्यामुळे केवळ पेशी तपासणारा तंत्रज्ञ निःशंकपणे 'ओ' असे लिहील. त्यांचा रक्तरस मात्र ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करतो. अशा रुग्णास सामान्य ओ रक्त घातक ठरते. त्याला त्याच प्रकारचे रक्त लागते.

यावरून शिक्षणाचे सूत्र स्पष्ट होते. पेशींची व रक्तरसाची, अशी दुहेरी परीक्षा घ्यावयाची. नळीत जे दिसले ते प्रथम नोंदवावयाचे आणि गटाचे नाव मागाहून द्यावयाचे. दोन परीक्षांचे उत्तर जुळले नाही, तर नाव न देता थांबावयाचे. नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ते हे थांबणेच. कारण परिचित अक्षर लिहून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. पर्यवेक्षकाचे कामही नोंदीवर स्वाक्षरी केल्याने संपत नाही. नोंदलेली प्रतिक्रिया आणि दिलेले नाव यांचा मेळ त्याने स्वतः पडताळावयाचा असतो, आणि विसंगती घेऊन आलेल्या कनिष्ठास घाई न करता ऐकून घ्यावयाचे असते.

भाषेच्या अभ्यासकास संज्ञेची संदिग्धता हा चर्चेचा विषय वाटतो. रक्तपेढीत तीच जीवनमरणाची बाब होते.