प्रोपोफॉल पायस : कुपी उघडल्यानंतरची स्थिरता

शिरेतून भूल देण्याच्या प्रोपोफॉल या औषधाची काचकुपी फोडल्यावर किंवा बाटलीच्या रबरी बुचात सुई गेल्यावर ते किती काळ वापरण्याजोगे राहते, याविषयीची नोंद. प्रोपोफॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते पायसाच्या (इमल्शनच्या) रूपात देतात. १ टक्का पायसाच्या दर मिलीलिटरमध्ये १० मिग्रॅ. प्रोपोफॉल, १०० मिग्रॅ. सोयाबीन तेल, २२.५ मिग्रॅ. ग्लिसरॉल आणि अंड्याच्या बलकातले १२ मिग्रॅ. लेसिथिन असते. तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांभोवती लेसिथिनचा पापुद्रा असतो. त्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे थेंब एकमेकांपासून दूर राहतात.

ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत पशुवैद्य जॉन (इयन) ग्लेन यांच्या गटाने १९७०च्या दशकात हे औषध शोधले. आधीच्या रूपातील क्रेमोफोर या द्रावकाने तीव्र ॲलर्जी होत असे, म्हणून ते बदलून १९८६ मध्ये पायस बाजारात आले. रुग्णाचा एक धोका टळला, पण दुसरा आला : तेल, ग्लिसरॉल आणि लेसिथिनवर जंतू चांगले पोसतात, आणि मूळ पायसात परिरक्षक नव्हते.

उघडलेल्या कुपीत खरी भीती या जंतूंचीच आहे. पायस फुटून तेल वेगळे होण्याच्या कितीतरी आधी त्यात जंतू वाढलेले असू शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. औषध पूर्वीसारखेच दुधाळ दिसते. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतील ७ रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रक्ताचे व जखमेचे संसर्ग आढळले. तपासात दोष कारखान्याचा नव्हे, हाताळणीचा निघाला : एकच कुपी अनेक रुग्णांना, आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजा, निर्जंतुकतेतली ढिलाई. त्यानंतर १९९६ मध्ये तेथे ०.००५ टक्के ईडीटीए घातलेले पायस आले. त्याने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. सर्वच उत्पादनांत ते असते असेही नाही, त्यामुळे वेष्टन वाचलेच पाहिजे. सामान्य नियम असा : कुपी एकाच रुग्णासाठी, सलग ठिबकीसाठी जोडलेली बाटली व नळी १२ तासांनी टाकायची, सिरिंजमध्ये काढलेले औषध लगेच वापरायचे. उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

उरते का, हेही पाहावे. ६० किलो वजनाच्या प्रौढाला भूल सुरू करण्यास किलोमागे १.५ ते २.५ मिग्रॅ., म्हणजे ९ ते १५ मिलि. लागते, कुपी असते २० मिलि.ची. ५ ते ११ मिलि. उरते आणि छोट्या दवाखान्यात ते टाकवत नाही. त्यावर १० मिलि.ची कुपी मागवणे हा साधा उपाय आहे.

न उघडलेल्या मालाची काळजी निराळी. भिवंडी तालुक्यात, शेलारसारख्या गावांच्या परिसरात, मुंबई महानगराला माल पुरवणारी गोदामे उभी आहेत, आणि ठाणे जिल्ह्यातला उन्हाळा पत्र्याच्या छपराखाली या औषधाच्या साठवणीची २५ अंश सेल्सियसची मर्यादा सहज ओलांडतो. औषध ठेवायचे तर तापमान राखणारी खोली हवी. गोठवणेही तितकेच घातक : बर्फाचे स्फटिक थेंबांना एकत्र दाबतात, पापुद्रा फाटतो आणि वितळल्यावर पायस पूर्ववत होत नाही. कुपीतील मोकळ्या जागेत नायट्रोजन भरलेला असतो. ती उघडली की हवेतल्या ऑक्सिजनने प्रोपोफॉलचे ऑक्सिडीकरण होते आणि कालांतराने पिवळट झाक येऊ शकते. तेलाचा थर, गुठळ्या किंवा रंगबदल दिसल्यास ती कुपी वापरू नये.

टोचताना होणारी आग कमी करण्यासाठी लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध मिसळण्याची पद्धत आहे. त्याच्या धनभारामुळे थेंबांमधील अंतर राखणारी शक्ती घटते. प्रमाण जास्त झाले किंवा मिश्रण तसेच पडून राहिले, तर थेंब मिळून मोठे होतात, आणि मोठे थेंब फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. मिसळायचेच तर अगदी टोचण्यापूर्वी मिसळावे, नाहीतर लिग्नोकेन आधी वेगळे द्यावे.