निजामशाहीची हरवलेली मुले

लंडनच्या टॉवरमध्ये १४८३ साली दिसेनासे झालेले दोन राजपुत्र आमच्या सुशिक्षित वाचकांस परके नाहीत. पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा, त्याचा भाऊ रिचर्ड नऊ वर्षांचा. चुलत्याने राज्य घेतले आणि ही मुले पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. १६७४ साली तेथे काही हाडे सापडली, ती वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवण्यात आली. ती कोणाची, हा वाद अद्याप मिटलेला नाही. शेक्सपियर वाचलेला आमचा प्रत्येक विद्यार्थी हा वृत्तांत सांगू शकतो. परंतु अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, राजघराण्यातील तीन मुले अशीच नाहीशी झाली. त्यांची नावे विचारली असता नगरकरही घुटमळतात.

१५९५ साली इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला, तेव्हा त्याचा मुलगा बहादुर तान्हा होता. मियाँ मंजू या सरदाराने त्यास जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर अटकेत ठेवून अहमद नावाच्या बारा वर्षांच्या मुलास तख्तावर बसविले. हा मुलगा राजवंशातील नाही, हे लवकरच उघडकीस आले. विरुद्ध पक्षाच्या इखलासखानाने बहादुरची मागणी केली; चावंडच्या किल्लेदाराने ती धुडकावली. तेव्हा खानाने काय करावे? बाजारातून तेवढ्याच वयाचे एक पोर आणले, मोती नावाचे, आणि त्याच्याच नावाने द्वाही फिरविली! फिरिश्ता हे अगदी सहज सांगून जातो. त्या पोराच्या आईने त्या दिवशी काय केले असेल, हा विचार इतिहासकाराचा नव्हे असे कोणी म्हणेल. आम्हास तो टाळवत नाही. पुढे चांदबिबीने १५९६ साली वऱ्हाड मोगलांस देऊन तह केला आणि बहादुरला, म्हणजे आपल्या भावाच्या नातवाला, गादीवर बसविले. मोतीची गरज संपली.

बहादुरचे राज्य चार वर्षांचे. १६०० साली नगरच्या किल्ल्यात चांदबिबीला तिच्याच लोकांनी ठार केले, किल्ला पडला, आणि बालराजाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. १६३३ साली दौलताबाद पडले तेव्हा मलिक अंबरचा पुत्र फतेखान याने गादीवर बसविलेला बाल हुसेनशहाही तिकडेच गेला.

तिसऱ्या मुलाची कथा आमच्या अधिक जवळची. त्याच वर्षी शहाजीराजांनी जीवधन किल्ल्यावरून मुर्तझा या राजवंशीय बालकास आणून संगमनेर तालुक्यातील पेमगिरीवर त्याच्या नावाने राज्य उभे केले. त्यास मांडीवर घेऊन राजे तख्तावर बसले, अशी आख्यायिका आहे. मोगल आणि विजापूरकर एक झाल्यावर मात्र इलाज चालेना. १६३६ साली माहुलीच्या वेढ्यात राजांस शरण जावे लागले आणि मूल खानजमानाच्या स्वाधीन करावे लागले. शिवाजीमहाराज तेव्हा सहा वर्षांचे होते. आमचे चरित्रकार येथून राजांबरोबर विजापूरच्या चाकरीकडे वळतात. त्या मुलाबरोबर उत्तरेच्या वाटेने कोणी जात नाही. राजांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्याच्या नावाने तीन वर्षे लढलो, त्याचा निरोप कसा घेतला असेल?

शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, मुर्तझाला ग्वाल्हेरीस धाडले तेव्हा तेथे आधीचे दोन निजाम होतेच. त्यांपैकी एक नगर घेतल्या वेळी जहांगीराच्या कारकिर्दीत पकडलेला, असे तो म्हणतो. १६०० साली तख्तावर अकबर होता. ही लेखकाची चूक असावी, आणि तो बंदिवान बहादुरच, असे आमचे मत आहे. म्हणजे आत गेलेले मूल आता चाळिशीचे झाले होते. वंशाचा मूळपुरुष अहमद नगरच्या बागरोज्यात निजला आहे. शाहडोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीस लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, म्हणजे तिलाही दुसऱ्याचा का होईना, एक घुमट मिळाला. या तिघांच्या वाट्याला लाहोरीचे ते एक वाक्य आले.

ग्वाल्हेरच्या राजबंद्यांस अफूच्या बोंडांचे पाणी पाजून हळूहळू झिजवीत, असे बर्निये या फ्रेंच वैद्याने लिहिले आहे. ती हकीकत औरंगजेबाच्या वेळची आहे. ती उचलून या तिघांस लावणे आम्हास मान्य नाही. बहादुरने तर तोवर छत्तीस वर्षे तेथे काढली होती.