भार संतुलन, संगणकीय जालसेवांतील

भार संतुलन, संगणकीय जालसेवांतील : एकाच सेवेसाठी येणाऱ्या असंख्य विनंत्या अनेक सर्व्हरांमध्ये अशा रीतीने वाटून देणे की, कोणताही एक सर्व्हर क्षमतेपलीकडे दाबला जाऊ नये आणि एखादा बंद पडला तरी सेवा खंडित होऊ नये, या क्रियेस भार संतुलन म्हणतात. हे काम करणाऱ्या यंत्रास किंवा आज्ञावलीस भार संतुलक ही संज्ञा आहे. सेवा वापरणाऱ्यास फक्त संतुलकाचा पत्ता दिसतो. त्यामागे दोन सर्व्हर आहेत की दोनशे, हे त्यास कळत नाही व कळण्याची गरजही नसते.

राज्यात १९७२ पासून राबविण्यात आलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा यांसारख्या ठिकाणच्या संकलन केंद्रांवर हंगामात बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. अशा केंद्राच्या फाटकावर उभ्या असलेल्या माणसाचे काम भार संतुलकाच्या कामाशी जुळते. कोणता काटा मोकळा आहे, कोणता नादुरुस्त आहे व पुढची गाडी कोठे वळवावी, हे त्याने ठरवावयाचे असते. काटे वाढविले, परंतु प्रतवारी करणारा एकच राहिला, तर रांग कमी होत नाही. ती काट्यापासून हलून प्रतवारीपाशी लागते. जालसेवांतील बहुतेक बिघाडांचे मूळ या साध्या गोष्टीत सापडते.

ऐतिहासिक आढावा : रांगेच्या शास्त्राचा उगम दूरध्वनी केंद्रांत झाला. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी मागण्यांच्या संभाव्यतेविषयी पहिला निबंध प्रसिद्ध केला व १९१७ मध्ये ठरावीक संख्येच्या तारांवर किती मागण्या नाकारल्या जातील, हे सांगणारे सूत्र मांडले. त्यांच्या विवेचनातून पुढे विकसित झालेल्या सिद्धांताचा एक निष्कर्ष आजही मार्गदर्शक आहे : प्रतीक्षाकाल भाराच्या प्रमाणात वाढत नाही, तर क्षमतेच्या सीमेजवळ तो एकदम उसळतो. सेकंदास सरासरी १० विनंत्या हाताळू शकणाऱ्या एका सर्व्हरकडे अनियमित अंतराने सेकंदास सरासरी ५ विनंत्या आल्यास उत्तरास सु. ०·२ सेकंद लागतो. ९ आल्यास १ सेकंद, तर ९·९ आल्यास १० सेकंद लागतात. यामुळेच दुपारपर्यंत सुरळीत चाललेले संकेतस्थळ थोडी गर्दी वाढताच ठप्प झालेले दिसते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सुचविलेल्या वर्ल्ड वाइड वेबचा प्रसार १९९३ मध्ये मोझॅइक हा ब्राउझर आल्यावर झपाट्याने झाला. मोझॅइक तयार करणाऱ्या इलिनॉय येथील संस्थेच्याच सर्व्हरवर इतका ताण आला की, तेथे एका नावामागे अनेक संगणक ठेवण्यात आले व डोमेन नावांच्या यंत्रणेकडून त्यांचे पत्ते पाळीपाळीने दिले जाऊ लागले. या पद्धतीचे विवेचन एप्रिल १९९५ मधील एका आंतरजाल मानक-टिपणात आढळते. पद्धत सोपी, पण सदोष होती. एकदा मिळालेला पत्ता वाटेतील यंत्रे काही काळ साठवून ठेवीत. त्यामुळे बंद पडलेल्या संगणकाकडेही विनंत्या जातच राहत.

हा दोष टाळण्यासाठी १९९६ नंतर सिस्को, एफ-फाइव्ह इ. कंपन्यांनी स्वतंत्र संतुलक यंत्रे बाजारात आणली. १९९८ मध्ये चीनमधील वेन्सोंग झांग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हा प्रकल्प सुरू केला व साध्या संगणकाकडूनही हे काम करून घेता येते, हे दाखविले. फ्रान्समधील विली तारो यांचा एचएप्रॉक्सी आणि रशियातील इगोर सिसोयेव्ह यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एन्जिन-एक्स या मुक्त आज्ञावलींमुळे महागड्या यंत्रांची मक्तेदारी संपली. भाड्याने संगणनक्षमता देणाऱ्या कंपन्यांनी २००९ पासून भार संतुलनही सेवा म्हणून देण्यास प्रारंभ केला.

पद्धती : संतुलक मुख्यतः दोन स्तरांवर काम करतात. वाहतूक स्तरावरील संतुलक केवळ पत्ता व पोर्ट क्रमांक पाहून जोडणी पुढे पाठवितो. तो जलद असतो. अनुप्रयोग स्तरावरील संतुलक विनंतीचा मजकूर वाचतो व अर्ज एका गटाकडे, छायाचित्रे दुसऱ्या गटाकडे अशी वाटणी करू शकतो. वाटणीचे नियम अनेक आहेत : पाळीपाळीने देणे, क्षमतेनुसार कमीअधिक देणे, ज्याच्याकडे सर्वांत कमी चालू जोडण्या आहेत त्यास देणे किंवा मागणाऱ्याच्या पत्त्यावरून सर्व्हर निश्चित करणे. यादृच्छिकपणे दोन सर्व्हर निवडून त्यांतील कमी भाराच्या सर्व्हरकडे काम सोपविल्यास गर्दीचा असमतोल आश्चर्यकारक प्रमाणात घटतो, असे १९९०–२००० या दशकातील गणिती संशोधनाने सिद्ध केले आहे.

महाराष्ट्रातील अनुभव : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हा मुख्यालये उपग्रहाद्वारे जोडण्यास आरंभ केला आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक आंतरजाल सेवा सुरू झाली. तरीही ग्रामीण जनतेचा जालसेवांशी मोठ्या प्रमाणावर संबंध आला तो २०१० नंतर, सातबारा, परीक्षांचे निकाल, कर्जमाफी व पीक विमा यांच्या निमित्ताने. यवतमाळ जिल्हा (क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी.; लोकसंख्या २७,७२,३४८–२०११) हा अमरावती महसुली विभागातील सोळा तालुक्यांचा कापूस पिकविणारा, शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिला गेलेला जिल्हा. तेथे ठरावीक तारखेच्या आत अर्ज दाखल होणे वा न होणे यावर एका कुटुंबाचा वर्षाचा हिशेब अवलंबून असू शकतो.

महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा पाहणाऱ्यास सहा महसुली विभागांपैकी आपला विभाग प्रथम निवडावा लागे. यवतमाळचा खातेदार अमरावती विभाग निवडी. ही नोंदींची प्रादेशिक विभागणी होय. तीस काटेकोर अर्थाने भार संतुलन म्हणता येत नाही. प्रत्येक विभागासाठी वेगळे यंत्र ठेवल्यास ज्या दिवशी एकाच विभागात गर्दी उसळते, त्या दिवशी इतर विभागांची मोकळी यंत्रे त्याच्या उपयोगी पडत नाहीत. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा व १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर अशा सेवांवरील अवलंबित्व अधिकच वाढले.

जून २०१७ मध्ये राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. तिचे अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर भरावयाचे होते. अंतिम मुदत १५ सप्टेंबर २०१७ होती. ती २२ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. जोडणी मिळावी म्हणून शेतकरी केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत थांबत आणि ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग या काळात खेड्यापाड्यांत रूढ झाला. मात्र या योजनेतील सर्वच विलंब जालावरील भारामुळे झाला, असे नाही. अर्जांतील व बँकांच्या नोंदींतील माहिती जुळविताना निघालेल्या त्रुटी हे त्याचे स्वतंत्र कारण होते. असा दोष कितीही सर्व्हर वाढविले तरी दूर होत नाही.

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी व त्यांचे पालक एकाच वेळी संकेतस्थळांकडे वळल्याने ती काही तास उघडेनाशी झाली. निकालाचे पान सर्वांसाठी आधीच ठरलेले व न बदलणारे असते. त्यामुळे त्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवणे तुलनेने सोपे आहे. निकाल अनेक संकेतस्थळांवरून व पुढे डिजिलॉकरद्वारेही देण्याची पद्धत या दृष्टीने योग्य ठरते. उलट अर्ज दाखल करताना प्रत्येक विनंती डेटाबेसमध्ये नवी नोंद करते. तेथे प्रती वाढवून भागत नाही. २०२३ च्या खरीप हंगामात राज्यात एक रुपयात पीक विमा योजनेखाली दीड कोटीहून अधिक अर्ज आले व ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली.

बिघाड व त्यांचा शोध : संतुलकाकडून येणारा दोषक्रमांक हे निदानाचे पहिले साधन होय. ५०२ हा क्रमांक मागील सर्व्हरकडून सदोष उत्तर आल्याचे, ५०३ हा सामान्यतः एकही सर्व्हर उपलब्ध नसल्याचे, तर ५०४ हा ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याचे सूचित करतो. यानंतर संतुलक वगळून प्रत्येक सर्व्हरला थेट विनंती करून पाहतात. सर्व सर्व्हर थेट विचारल्यास नीट उत्तर देत असतील, तर दोष संतुलकात वा त्याच्या मांडणीत असण्याची शक्यता बळावते; सर्वच मंद असतील, तर तो बहुधा त्यांच्या सामाईक डेटाबेसमध्ये किंवा ओळख पडताळणीसारख्या बाह्य सेवेत असतो.

मांडणीतील काही दोष वारंवार आढळतात. सुस्थिती चाचणी वरवरची असल्यास डेटाबेसशी संबंध तुटलेला सर्व्हरही ‘ठीक’ असे उत्तर देतो व विनंत्या गिळत राहतो. चाचणी अतिकठोर असल्यास याउलट घडते : किंचित मंदावलेला सर्व्हर रांगेतून काढला जातो, त्याचा भार उरलेल्यांवर पडून तेही मंदावतात आणि एकामागून एक सर्व बाद होतात. सर्व्हरची निष्क्रिय जोडणी तोडण्याची मर्यादा संतुलकाच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवल्यास अधूनमधून ५०२ दोष येतो व तो गर्दीशी संबंधित नसल्याने शोधणे अवघड जाते. अर्जदाराचे सत्र एकाच सर्व्हरच्या स्मृतीत ठेवल्यास पुढची विनंती दुसरीकडे जाताच त्यास पुन्हा प्रवेश करावा लागतो. सत्र सामाईक ठिकाणी ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

पत्त्यावरून सर्व्हर ठरविण्याचा नियम ग्रामीण भागात विशेष घातक ठरू शकतो. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्याच सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवतात. परिणामी एका परिसरातील बहुतेक अर्जदार संतुलकास मोजक्या पत्त्यांवरून आलेले दिसतात व एक-दोन सर्व्हरांवर लोटले जातात. याच कारणाने एका पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांवर घातलेली मर्यादा उपद्रवी यंत्राऐवजी संपूर्ण गावालाच बाहेर ठेवू शकते. उत्तर न मिळाल्याने तेच बटन पुनःपुन्हा दाबणारे अर्जदार भार आणखी वाढवितात; म्हणून अर्ज दुबार नोंदला जाणार नाही व क्रम लागेपर्यंत थांबण्याची सूचना मिळेल, अशी सोय आवश्यक असते. स्वतः संतुलकही बंद पडू शकत असल्याने तो जोडीने ठेवतात. एकाचा पत्ता दुसऱ्याने आपोआप स्वीकारण्याची संहिता १९९८ मध्ये मानक-टिपणाच्या रूपात प्रसिद्ध झाली.

मूल्यमापन : भार संतुलनाने क्षमता निर्माण होत नाही, असलेल्या क्षमतेचा समान वापर होतो. लाखो अर्जदारांना एकच अंतिम तारीख दिली की अखेरच्या दोन-तीन दिवसांत अटळ गर्दी होते. अशा वेळी मुदत वाढविणे हे काळाच्या अक्षावरील भार संतुलनच असते. परंतु ते अखेरच्या क्षणी जाहीर झाल्यास त्याचा उपयोग बराच कमी होतो, कारण तोवर लोकांनी मजुरी बुडवून रांगेत दिवस घालविलेले असतात. तालुकावार वा गाववार दिवस आधीच ठरवून देणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. तसेच जोडणी न मिळाल्यामुळे राहून गेलेला अर्ज हा अर्जदाराचा दोष मानावयाचा की यंत्रणेचा, याचा निर्णय यंत्रे करू शकत नाहीत. तो करण्यासाठी नाकारल्या गेलेल्या विनंत्यांची नोंद संतुलकाने ठेवणे व प्रशासनाने ती पाहणे आवश्यक ठरते. मुंबई किंवा पुणे येथे बसून आकडे पाहणाऱ्यास ती काही सेकंदांची दिरंगाई वाटते; झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातून आलेल्या शेतकऱ्याचा तीत एक संपूर्ण दिवस गेलेला असतो.